साताऱ्याची काठी आणि साधनशुचिता

'चले जाव'च्या लाटेत तासगावच्या कचेरीवर ३ सप्टेंबर १९४२ रोजी मोर्चा गेला. कचेरीवर तिरंगा लागला, मामलेदारांनी गांधी टोपी घातली आणि माणसे आपापल्या गावी परतली. कुणाला ओरखडाही उठला नाही. त्याआधी २४ ऑगस्टला कराडचा मोर्चाही गोळी न सुटता पार पडला होता. सरकार असेच नमते, असे वाटायला लावणारे ते दिवस होते. मग ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला. वडगावचे परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरचे लोक पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात किर्लोस्करवाडीचे अभियंते उमाशंकर पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे गेले. तासगाव ते इस्लामपूर हे अंतर सायकलने दुपारभरात कापता येते. जुन्या सातारा जिल्ह्याने त्या आठवड्यात विचाराचे जे अंतर कापले, ते मोजायला मात्र पुढची ऐंशी वर्षे पुरलेली नाहीत.

झेंडा घेऊन गेले की गोळी येते, हे कळल्यावर काय करायचे? घरी बसायचे, पुन्हा झेंडा घेऊन जायचे, की दुसरे काही हातात घ्यायचे? वाळवा, खानापूर, तासगाव, शिराळा, कराड, पाटण या पट्ट्यातल्या माणसांनी तिसरी वाट धरली आणि १९४३ पासून १९४६ पर्यंत ब्रिटिशांना समांतर असे आपले प्रतिसरकार चालवले. त्या वाटेवर काय योग्य आणि काय अयोग्य, याची चर्चा तेव्हापासून चालू आहे. ती चर्चा एकत्र वाचता यावी म्हणून हा संग्रह. यात आठवणी आहेत, पत्रे आहेत, न्यायालयीन कागद आहेत, इतिहासकारांचे लेख आहेत आणि साताऱ्याचे नावही न घेणारे, पण हाच प्रश्न दुसऱ्या देशात सोडवू पाहणारे काही लेखनही आहे. ते इथे का आले, याचा खुलासा पुढे करतो.

नव्या वाचकासाठी आधी नकाशा. ज्याला तेव्हा सातारा म्हणत त्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग होता. सांगली हे पटवर्धनांचे वेगळे संस्थान. १९४९ मध्ये उत्तर आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. प्रतिसरकारचा गाभा कृष्णा-वारणेच्या आणि येरळेच्या काठचा. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील, कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, उत्तरेला वाईकडे किसन वीर. यशवंतराव चव्हाण पहिल्या भूमिगत टप्प्यात होते, १९४३ मध्ये पकडले गेले. वसंतदादा पाटलांनी २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडला. त्या पळापळीत अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव मारले गेले, दादांना गोळी लागली. पुढे यांतले कुणी मुख्यमंत्री झाले, कुणी देशाचे संरक्षणमंत्री, कुणी साखर कारखाना काढला, कुणी लाल झेंडा धरला. स्वातंत्र्यानंतरच्या पश्चिम महाराष्ट्राचे राजकारण समजून घ्यायचे तर या यादीपासून सुरुवात करावी लागते. आपल्याकडे ती बहुधा सहकारापासून केली जाते.

वादाची मुळे १९४२ च्या फार मागे आहेत आणि तीही याच मातीत. प्रतापगड साताऱ्यात आहे. अफजलखानाचा वध नैतिक होता का, हा प्रश्न टिळकांनी १८९७ च्या जूनमध्ये 'केसरी'त उघडपणे मांडला आणि फलाची आशा न धरता लोकहितासाठी केलेल्या कृत्याला दोष लागत नाही, या बाजूने कौल दिला. आठवड्याभरात पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९१५ मध्ये छापलेले 'गीतारहस्य' त्याच प्रश्नाचे विस्तारलेले उत्तर आहे. १९२० च्या आरंभी टिळक आणि गांधी यांच्यात 'यंग इंडिया'त यावरच खटका उडाला. राजकारण साधूंचे नव्हे, जशास तसे वागावेच लागते, असे टिळकांचे म्हणणे होते. गांधींनी ते नाकारले. टिळक १ ऑगस्टला गेले आणि ११ ऑगस्टला गांधींचा तलवारीच्या सिद्धान्तावरचा लेख आला. भ्याडपणा आणि हिंसा यांतून एकच निवडायचे असेल तर आपण हिंसेचा सल्ला देऊ, असे त्यात आहे. साताऱ्याचे भूमिगत कार्यकर्ते या लेखाचा आधार वारंवार घेत. त्याच लेखात पुढे अहिंसा हिंसेहून कितीतरी श्रेष्ठ आणि क्षमा हे वीराचे भूषण, असेही गांधी सांगतात. तो भाग सभांत कमी ऐकू येई, हे साहजिकच होते.

टिळक आणि गांधी या दोन टोकांच्या मध्ये साताऱ्याला उभे केले की चित्र अर्धेच राहते. इथला शेतकरी तिसऱ्या शाळेत शिकला होता. ती सत्यशोधकांची शाळा. १९२० च्या आसपास सातारा जिल्ह्यात कुळांनी जमीनदार-सावकारांच्या विरोधात उठाव केले होते. नाना पाटील त्या परंपरेतले. तलाठ्याची नोकरी सोडून ते १९३० मध्ये चळवळीत आले. त्याच वर्षी शिराळ्याकडच्या बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला आणि तिथल्या बायका पोलिसांसमोर उभ्या राहिल्या. या माणसांना अन्याय म्हणजे काय हे गीतेच्या टीकेवरून शिकायचे नव्हते. व्याज, वेठ, पाटील-तलाठ्याची मर्जी आणि जातीचा पायंडा यांतून ते रोज कळत होते. म्हणून प्रतिसरकारने हातात काठी घेतली तेव्हा तिचा पहिला रोख गोऱ्या साहेबाकडे नव्हता. गावचा खबऱ्या, गावगुंड, दरोडेखोर, नडणारा सावकार, बायकोला टाकणारा नवरा हे आधी आले. साताऱ्यातल्या हिंसेचा विचार करताना हे विसरले तर आपण चुकीच्या प्रश्नावर वाद घालत बसतो. साम्राज्याशी लढताना शस्त्र घ्यावे का, या प्रश्नाला उत्तर देणे त्या मानाने सोपे. रोज ज्याच्याशी राम राम घालायचा त्या शेजाऱ्याला रात्री बाहेर काढून मारावे का, हा खरा कठीण प्रश्न. आणि साताऱ्यात तोच समोर होता.

काँग्रेसमधला वाद मुख्यतः मालमत्तेच्या भोवती फिरत राहिला. गांधी ९ ऑगस्ट १९४२ ला आगाखान पॅलेसमध्ये बंद झाले. 'हरिजन'ची धुरा किशोरलाल मश्रूवाला यांच्याकडे आली. जीवितहानी होणार नाही याची पुरेशी काळजी घेऊन तारा तोडणे, रूळ काढणे, छोटे पूल मोडणे याला हरकत घेता येणार नाही, असे त्यांनी ऑगस्ट अखेरीस लिहिले. अहिंसेचे इतके काटेकोर भाष्यकार, आणि त्यांच्याच लेखणीतून ही मुभा! भूमिगतांना याहून मोठा दाखला कोणता हवा होता? गांधींना ही मांडणी मान्य नव्हती, आणि मश्रूवालांनीही ती पुढे मागे घेतली. पण तोवर तारा तुटून गेल्या होत्या. १९४२ च्या दिवाळीत हजारीबागचा तुरुंग फोडून निसटलेल्या जयप्रकाश नारायणांनी कार्यकर्त्यांना पत्र लिहिले. त्यातला युक्तिवाद अजूनही खोडायला अवघड आहे. स्वतंत्र भारत जपान-जर्मनीशी शस्त्राने लढेल असे काँग्रेसने आधीच सांगितले आहे, मग ब्रिटिशांशी लढतानाच शस्त्र पाप कसे ठरते? गांधींची अहिंसा हा धर्म आहे, काँग्रेसची अहिंसा हे धोरण आहे, आणि दोघांत गल्लत करू नये, असा त्याचा मथितार्थ. अच्युतराव पटवर्धन याच विचाराचे, आणि साताऱ्याच्या भूमिगतांशी त्यांचा निकटचा संबंध होता.

या वादातला सर्वांत शांत आवाज इस्लामपूरचा. आचार्य शं. द. जावडेकर गोळीबार झाला त्याच गावात राहत. 'आधुनिक भारत' लिहिणारा आणि गांधी-मार्क्स यांचा मेळ घालून सत्याग्रही समाजवाद मांडणारा हा विचारवंत प्रतिसरकारच्या ऐन मुलखातला, हे वाचकांच्या सहसा ध्यानात येत नाही. सत्ता उलथवणाऱ्याने उद्या कोणत्या प्रकारची सत्ता उभी करणार हे आजच्या साधनांतून दाखवले पाहिजे, हा जावडेकरांच्या विचाराचा रोख. क्रांती लांबणीवर टाकायची ही सबब आहे, असे त्यावर अनेकांना वाटले. मला तसे वाटत नाही. प्रतिसरकारच्या चांगल्या बाजूचे समर्थन करायचे तर शेवटी जावडेकरांचाच निकष लावावा लागतो.

त्या चांगल्या बाजूबद्दल बोलू. न्यायदान मंडळे गावोगाव बसत. जमिनीचे बांध, भाऊबंदकी, सोडलेल्या बायका, सावकाराची कागदे असे किती तरी तंटे कोर्टाची पायरी न चढता मिटले. दारूबंदी झाली, ग्रंथालये निघाली, हुंडा आणि वाजंत्र्यांना फाटा देऊन गांधी विवाह लागले. जी. डी. बापूंचे स्वतःचे लग्न १९४५ मध्ये कुंडलला याच पद्धतीने झाले. वॉरंट असलेला माणूस भर गर्दीत हार घालून उभा, आणि पोलीस फिरकले नाहीत. गावाने सरकार बदलल्याची याहून मोठी खूण नसेल.

आणि काठी. पोलिसांना बातम्या पुरवणारा कोण हे कळले की रात्री त्याच्या घराला वेढा पडे. त्याला गावाबाहेर नेत, घोट्यांशी पाय बांधून काठीत अडकवत, उलटे धरत आणि तळव्यांवर मारत. अंगावर इतरत्र हात लागत नसे. त्यानंतर कित्येक दिवस त्या माणसाला नीट चालता येत नसे आणि गावात तो कसा चालतो यावरून सगळ्यांना सगळे कळे. बैलाला ठोकतात तशी पत्री तळव्याला खरोखर ठोकत, असे लोक सांगत. कार्यकर्त्यांच्या आठवणी काठीकडेच बोट दाखवतात. दहशत मात्र पत्रीच्या नावाने पसरली आणि ती पसरू देण्यात चळवळीचा फायदा होता. ही शिक्षा ब्रिटिशांच्या फाशीपुढे सौम्य होती, हे खरे. ती द्यायच्या आधी आरोपीचे म्हणणे ऐकले जाई का, वैर काढायला कुणी खोटी बातमी दिली तर ते कसे कळे, चुकून मारलेल्याची भरपाई कोण करी, हे प्रश्न त्यामुळे मिटत नाहीत. काही ठिकाणी काळजी घेतली गेली, काही ठिकाणी नाही. दरोडेखोरांनी प्रतिसरकारचे नाव सांगून घरे लुटली आणि प्रतिसरकारला त्यांचाही बंदोबस्त करावा लागला. ज्या काळोखात खरे कार्यकर्ते फिरत त्याच काळोखात तोतयेही फिरणार.

फसवणुकीचाही एक नमुना इथे द्यायलाच हवा. नानांच्या लेकीने, हौसाताईंनी, म्हातारपणी सांगितलेली ही हकिकत आता सर्वांना माहीत आहे. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोचे किंवा भावा-बहिणीचे म्हणा, भांडण उभे केले. सोबतचा कार्यकर्ता हौसाताईंना खरोखरच बदडत होता, दगड घालतो म्हणून ओरडत होता. ठाण्यातले पोलीस मध्ये पडायला बाहेर धावले आणि साथीदारांनी मागून बंदुका आणि काडतुसे लांबवली. ऐकताना हसू येते. पण जरा थांबून पाहा. हा डाव यशस्वी झाला तो त्या पोलिसांना एका बाईचा मार पाहवला नाही म्हणून. शत्रूच्या माणुसकीवर बेत आखलेला होता. टिळकांनी याला हरकत घेतली नसती. गांधींनी घेतली असती. हौसाताईंचे म्हणणे एवढेच की मार अंमळ जास्तच बसला.

प्रतिसरकारच्या अभ्यासात ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले ते औंध. कुंडल आणि किर्लोस्करवाडी ही दोन्ही औंध संस्थानात. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिली. पंचायतींच्या हाती कारभार सोपवणारी ही घटना घडवण्यात राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि वॉर्सात जन्मलेला एक पोलिश ज्यू अभियंता, मॉरिस फ्रीडमन, यांचा मोठा वाटा होता. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. भिंत नाही, बेड्या नाहीत, खुनाचे गुन्हेगार शेती करतात. 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा १९५७ चा चित्रपट तिच्यावरून सुचला. म्हणजे पाहा: एकाच चिमुकल्या संस्थानात इकडे गुन्हेगाराला बेडीविना ठेवण्याचा प्रयोग आणि तिकडे कुंडलला प्रतिसरकारच्या तुफान सेनेची कवायत. कवायत शिकवणाऱ्यांत आझाद हिंद फौजेतून परतलेले जवानही होते. हे दोन्ही प्रयोग एकमेकांना ओळखत होते. ब्रिटिश हद्दीतला भूमिगत औंधच्या हद्दीत आला की थोडा श्वास घेई. अहिंसेच्या राज्याने हिंसेच्या चळवळीला आडोसा दिला, असे म्हणावे तर ते तितके खोटे ठरणार नाही. कोणत्याही एका सिद्धान्ताच्या पेटीत सातारा का मावत नाही, याचे हे कारण.

१९४४ च्या ६ मे रोजी गांधी सुटले आणि थोड्याच दिवसांत भूमिगतांनी उघडपणे हजर व्हावे, असे त्यांनी सांगितले. गुप्ततेलाच त्यांचा आक्षेप होता. बंगालमधल्या तामलुकच्या जातीय, म्हणजे राष्ट्रीय, सरकारने ते ऐकले आणि आपला कारभार गुंडाळला. बलियाचे सरकार तर १९४२ मध्येच काही दिवसांत संपले होते. साताऱ्यात काही जण हजर झाले. नाना पाटील झाले नाहीत, नागनाथअण्णा झाले नाहीत. अण्णा पकडले गेले, पण त्याच वर्षी १० सप्टेंबरला साताऱ्याचा तुरुंग फोडून बाहेर पडले. त्याआधी एप्रिलमध्ये धुळ्याकडे चिमठाण्याला सरकारी खजिन्याचे साडेपाच लाख रुपये भूमिगतांनी पळवले होते. त्याच्याही आधी, जून १९४३ मध्ये, शेणोलीला पगाराची गाडी लुटली होती. 'लुटली' म्हटलेले त्या कार्यकर्त्यांना चालत नसे. आमचाच पैसा आम्ही परत आणला, असे ते म्हणत.

गांधींचा शब्द मोडला, पण त्यांचा फोटो भिंतीवरून उतरवला नाही. विवाह त्यांच्या नावाने, टोपी त्यांची, आणि हातात काठी. यात ढोंग पाहणारे पुष्कळ झाले. मला त्यात ढोंग दिसत नाही. आज्ञा आणि आदर या गोष्टी वेगळ्या ठेवण्याची खेड्यातली जुनी रीत त्यात दिसते. मात्र या रीतीची किंमत द्यावी लागली. २५ फेब्रुवारी १९४६ रोजी शिराळा तालुक्यात मणदूरजवळ पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहीर आणि नानकसिंग हा पंजाबी साथीदार पडले. थोड्याच आठवड्यांत मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, वॉरंटे मागे घेतली गेली आणि नाना उघडपणे लोकांसमोर आले. निवडून आलेले सरकार येताच या माणसांनी आपले सरकार मिटवले. जगातल्या सशस्त्र चळवळींच्या इतिहासात हे इतके सहज घडलेले फार सापडत नाही. साताऱ्याच्या बाजूने बोलणारा सर्वांत भक्कम पुरावा मला हाच वाटतो.

चळवळीला विरोध करणारेही इथलेच होते. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तेव्हा मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पक्षात होते. फॅसिझमचा पराभव आधी, म्हणून युद्धात अडथळा आणू नये, ही त्यांची भूमिका. सोव्हिएत युनियनवर हल्ला झाल्यानंतर कम्युनिस्ट पक्षानेही हेच लोकयुद्ध मानले आणि 'चले जाव'ला विरोध केला. हा विरोध भित्र्यांचा नव्हता. स्टालिनग्राडचे काय होणार हे ठाऊक नसताना घेतलेला तो निर्णय होता. वाळव्याच्या शेतकऱ्याला मात्र स्टालिनग्राड दूर आणि इस्लामपूरची कचेरी जवळ होती.

आणि नंतर उलटापालट झाली. स्वातंत्र्यानंतर नाना पाटील शेतकरी कामगार पक्षामार्गे कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५५ मध्ये डहाणूला किसान सभेचे अध्यक्ष झाले, १९५७ मध्ये उत्तर साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून कम्युनिस्ट म्हणून लोकसभेवर गेले. १९५७ मध्ये ते दिल्लीत पोचले तेव्हा बुडापेस्टचा उठाव चिरडून जेमतेम सहा महिने झाले होते. ऑक्टोबर १९५६ मध्ये हंगेरीतल्या कामगारांनी आणि विद्यार्थ्यांनी आपल्यावर लादलेल्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध शस्त्र उचलले. ३० ऑक्टोबरला जमावाने गुप्त पोलिसांच्या माणसांना रस्त्यात ठार मारले. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे पुन्हा शिरले. तेव्हा संसद भवनात एकटे राहिलेले मंत्री इश्तवान बिबो टंकलेखन यंत्रावर निवेदन लिहीत बसले: परकी सैन्याला कायदेशीर मानू नका, असहकार करा. पुढे त्यांना जन्मठेप झाली. जमावाची काठी आणि बिबोचा असहकार. साताऱ्याचा अख्खा वाद त्या दोन आठवड्यांत दुसऱ्या भाषेत घडून गेला.

कम्युनिस्ट राजवटींविरुद्धच्या प्रतिकारावरचे लेखन या संग्रहात घेतले ते यासाठी. आपल्याकडे हा वाद नेहमी माणसे पाहून होतो. आपली काठी ती क्रांती, दुसऱ्याची ती दहशत. बाल्टिक देशांतले शेतकरी युद्धानंतर कित्येक वर्षे जंगलात राहून सोव्हिएत सत्तेशी लढले. त्यांनीही खबऱ्यांना मारले. त्यांना आपण काय म्हणणार? आणि त्यांना जे म्हणू, ते कुंडलला म्हणणार का? हंगेरीच्या वेळी नेहरू सरकारची जीभ अडखळली तेव्हा जयप्रकाशांनी त्यांना उघडपणे सुनावले. १९४२ मध्ये शस्त्राची बाजू घेणारा हाच माणूस, त्यामुळे त्या बोलण्याला वजन होते. पोलंडमध्ये १९८० नंतर सॉलिडॅरिटीने शस्त्राला हातच लावला नाही. तुरुंग फोडणारे पुढे स्वतःच नवे तुरुंग बांधतात, असे अॅडम मिखनिक तुरुंगातून लिहीत होता. फ्रीडमनच्या वॉर्सामध्ये औंधचा विचार अशा वाटेने पोचला असे म्हणायचा मोह होतो, पण तो आवरावा. पोलंडला तिथे पोचायला स्वतःचा इतिहास पुरेसा होता.

मिखनिकचा इशारा साताऱ्याला लागू पडतो का? अर्धा पडतो. प्रतिसरकारने नवा तुरुंग बांधला नाही. पण गावाच्या संमतीने एखाद्याच्या दारात रात्री जाता येते, ही सवय लागली. ३० जानेवारी १९४८ ला गांधींचा खून झाला, मारेकरी ब्राह्मण निघाला आणि पुढच्या दिवसांत सातारा-सांगली-कोल्हापूरच्या गावोगाव ब्राह्मणांची घरे जळाली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही झळ बसली. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ही कादंबरी त्याच दिवसांची. ही जाळपोळ प्रतिसरकारने केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या कार्यकर्त्यांनी काही ठिकाणी घरे वाचवली अशाही हकिकती सांगितल्या जातात. तरी दोन्ही गोष्टींचा विचार एकाच दमात करायला आपण कचरतो. १९४२ च्या कथेत १९४८ नसते आणि १९४८ च्या कथेत १९४२ नसते. या संग्रहात दोन्ही शेजारी ठेवली आहेत. त्यावर नाराजी येईल, येऊ दे.

अभ्यासाबद्दल थोडेच सांगतो. आ. बा. शिंदे यांचा सातारच्या समांतर सरकारवरचा ग्रंथ अजून पायाभूत आहे. कासेगावला घर केलेल्या गेल ऑम्व्हेट यांनी प्रतिसरकारकडे शेतकरी आणि जातीच्या अंगाने पाहायला शिकवले. त्यांच्या सासूबाई इंदुताई आणि सासरे बाबुजी पाटणकर स्वतः त्या लढ्यातले. बाबुजींचा खून १९५२ मध्ये झाला, तोही स्वतंत्र भारतात, हे लक्षात ठेवावे. पी. साईनाथ यांनी तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ आणि हौसाताई यांच्यासारख्यांच्या मुलाखती अगदी वेळेत घेतल्या. यापलीकडचे बरेचसे मराठी लेखन स्मरणिकांत आणि गौरव अंकांत आहे. गौरव अंक हा वाईट प्रकार नव्हे, पण त्यात कुणी कुणाला का मारले हे सहसा नसते.

आज हे वाचायचे कशाला? गडचिरोलीकडे पाहावे. तिथेही माओवाद्यांची 'जनअदालत' भरली, तिथेही खबरी म्हणून माणसे मारली गेली. तिथे मारले गेलेले बहुतेक आदिवासी होते आणि शिक्षा तळव्यापुरती राहिली नाही. ज्यांना कुंडल आणि गडचिरोली एकच वाटते त्यांनी १९४६ आठवावे. कुंडलच्या माणसांनी निवडणूक मानली आणि काठी ठेवली. ज्यांना दोन्हींत काहीच साम्य दिसत नाही त्यांनी ती रात्र आठवावी: घराला वेढा, आरोप सांगणारा एक, न्याय देणारे तेच, आणि अपील कुठेच नाही. यावर बेतलेले नियम या संग्रहात शोधू नयेत. त्याऐवजी प्रत्येक लेखात एक गोष्ट शोधावी: मारण्याचा निर्णय कुणी घेतला, त्याचा जाब त्याला कोण विचारू शकत होता, आणि तो थांबला कधी. हिंसा की अहिंसा या प्रश्नापेक्षा या तीन गोष्टी अधिक काही सांगतात, असे माझे मत झाले आहे. वाचकाचे वेगळे होऊ शकते. जावडेकरांचे झाले असते.

संग्रहात एक मोठी उणीव आहे आणि ती भरून निघणे आता कठीण. ज्यांच्या तळव्यांवर काठी बसली त्यांच्यापैकी कुणाचेही निवेदन इथे नाही. काही खरेच फितूर होते, काही नव्हते. त्यांच्या घरच्यांनी ते कधी लिहिले नाही, आणि हुतात्मा स्मारकांच्या गावात ते बोलायची सोयही नव्हती. पोलीस दप्तरातले जबाब आहेत, पण ते सरकारने लिहून घेतलेले, सरकारच्या सोयीचे. म्हणून या कथेची एक बाजू कार्यकर्त्यांच्याच तोंडून ऐकावी लागते, आणि ते कार्यकर्तेही बहुतेक गेले. नाना १९७६ मध्ये, बापू २०११ मध्ये, अण्णा २०१२ मध्ये, हौसाताई २०२१ मध्ये. वाळवा, कामेरी, कुंडल, वडूज या गावांत अजून ज्यांच्याकडे जुनी पत्रे, न्यायदान मंडळाचे निवाडे किंवा आजोबांनी फक्त घरात सांगितलेल्या गोष्टी असतील, त्यांनी त्या पुढच्या आवृत्तीसाठी द्याव्यात. नाव छापू नका म्हणाल तर छापले जाणार नाही. मार देणाऱ्याच्या घरातून येतील त्याही चालतील, आणि मार खाणाऱ्याच्या घरातून आल्या तर आधी त्या छापल्या जातील.